काकूंचा खांदा तपासण्याआधी

लीड्स,
१२ नोव्हेंबर

चि. मधुरा हीस,
अनेक आशीर्वाद.

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला लागल्या लागल्या ओपीडीत स्वतंत्र पेशंट मिळाले, हे वाचून फार आनंद झाला. हिस्टरी, म्हणजे पेशंटकडून दुखण्याची माहिती, घेताना गोंधळ उडतो म्हणतेस, खांदा दुखणाऱ्या काकूंबद्दलही लिहिलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"काय त्रास होतोय, सांगा" एवढंच विचार आणि दोन मिनिटं पेन खाली ठेव. बरेच जण आधी फाईल पुढे करतील, "मणक्यात गॅप आहे" म्हणतील. फाईल बघ, पण बोलणं ऐकून झाल्यावर. पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही बहुतेकदा झीज दिसते. सोबत आलेला मुलगा किंवा सून उत्तरं देऊ लागली, तर पुढचा प्रश्न पेशंटकडे बघूनच विचार.

दुखण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! ठणकतं, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, रग लागते. केसपेपरवर नुसतं "पेन" लिहू नकोस, पेशंटचाच शब्द लिही. आग, मुंग्या, दंडातून बोटांपर्यंत उतरणारी चमक म्हटलं की मानेतली नस तपासायलाच हवी. जागा एका बोटाने दाखवायला सांग आणि केसपेपरवरच्या शरीराच्या चित्रावर खूण कर. तीव्रता ० ते १० मध्ये सांगता येत नसेल तर अडून बसू नकोस. पुढच्या खेपेला कुणी "रुपयात बारा आणे बरं आहे" म्हटलं, तर तेच लिही.

आता हंगाम द्राक्षांच्या विरळणीचा. मांडवाखाली हात वर धरून दिवसभर कात्री चालवणाऱ्या बायका खांदा धरून येतील. किती वेळाने दुखायला लागतं, थांबल्यावर किती वेळात शमतं, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, हे विचार. दहा मिनिटांच्या कामाने रात्रभर ठणकत असेल, तर पहिल्या दिवशी दोन-तीनच हालचाली बघ. सगळ्या टेस्ट त्याच दिवशी उरकल्या की दुखणं भडकतं आणि पेशंट परत येत नाही.

कंबरदुखीत एक प्रश्न संकोचापायी राहून जातो, तो कधीही सोडू नकोस: "बसायच्या जागेला, लघवीच्या जागेभोवती बधिर वाटतं का? लघवी तुंबते किंवा नकळत होते का?" हे नव्याने सुरू झालं असेल, तर व्यायाम वगैरे काही नको, त्याच दिवशी सर्जनकडे. ताप, उगाच घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, बरीच वर्षं स्टेरॉइड, हेही विचार. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत घाम आणि धाप असेल, तर तपासणी तिथेच थांबव आणि ताबडतोब इमर्जन्सीला पाठव.

काकूंना वेणी घालता येत नाही, परकराची नाडी मागे सरकवता येत नाही, हे तू नेमकं टिपलंस. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधा आखडल्याची, शंका रास्त आहे. आधी मान वळवून, मागे झुकवून खांद्यातली कळ वाढते का ते बघ. मग दोन्ही खांदे उघडे ठेवून मागून न्याहाळ. चांगला हात आधी तपास, म्हणजे त्यांना काय करायचं ते कळतं आणि तुला तुलना मिळते.

बाहेर वळवण्याची हालचाल मात्र नीट मोज. काकूंना उताणं झोपव, दंड अंगालगत, खाली घडीचा टॉवेल, कोपर काटकोनात. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या पट्ट्यांचा) मध्य कोपराच्या टोकावर, स्थिर पट्टी छताकडे सरळ, फिरणारी पट्टी करंगळीच्या बाजूच्या हाडावरून. आधी त्यांनी हात वळवायचा, मग तू अलगद. कोपर अंगापासून सुटलं किंवा धड वळलं की आकडा फुगतो. नवशिक्यांचं इथंच चुकतं. पुस्तकातले ९० अंश हात बाजूला ९० अंशांवर उचलून मोजल्यावरचे असतात, म्हणून कोणत्या स्थितीत मोजलं ते आकड्याशेजारी लिही.

तू वळवलंस तरी तितकंच अडत असेल, तर सांधाच आखडलाय. सांध्याची झीजही असंच करते, म्हणून एक्स-रे हवा. तुझ्या हाताने पूर्ण वळतो पण काकूंना स्वतःला वळवता येत नाही, असं असेल तर स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारा कंडरा बघ.

दोन्ही हातांचे आकडे, अंगठा पाठीवर कुठल्या मणक्यापर्यंत जातो ते, आणि काकूंची अलीकडची साखर, एवढं कळव. मग व्यायाम ठरवू.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी
ताई