चित्रांची पोथी

कुडाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नेहमीसारखी बोलली नाहीस. प्रकल्पाचा विषय नाकारला एवढंच सांगितलंस आणि फोन ठेवलास. कारण मला बाबांकडून कळलं. कॉमिक्स म्हणजे साहित्य नव्हे, एखादी अभिजात कादंबरी घे, असं तुझे सर म्हणाले. सव्वीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे असं काही ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

तू बाबांना पाठवलेलं टिपण मी दोनदा वाचलं. त्यात तू म्हणतेस, कॉमिक्समुळे मुलांना वाचनाची गोडी लागते आणि पुढे ती मोठ्या साहित्याकडे वळतात. हे वाक्य आधी खोडून टाक. ते लिहून तू सरांचंच म्हणणं मान्य केलंस, की खरं साहित्य वरच्या मजल्यावर आणि चित्रं म्हणजे नुसता जिना. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्र कथा मलाही प्रिय आहे, तुझी अर्धी पुराणं त्यातूनच पाठ झाली. पण द्यूतसभेत द्रौपदी विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? त्या प्रश्नापुढे अख्खी सभा अडते आणि धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून भीष्मही हात टेकतात. अमर चित्र कथेच्या बत्तीस पानांत त्या अडण्याला जागा कुठून मिळणार? तिथे मूळ महाभारतच वाचायला हवं. अभिजात ग्रंथाचा सारांश करणारं कॉमिक पुढे करून तू वाद घालशील तर हरशील.

तू गणपतीत इथे विसरून गेलेलं 'माउस' हे कॉमिक मात्र वेगळं आहे. इंग्रजी मी हळू वाचते, म्हणून असेल, चित्रांवर डोळे जास्त वेळ थांबले. आर्ट स्पीगलमनने आपल्या वडिलांची, ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेल्या माणसाची, हकिगत सांगितली आहे. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश लोक डुकरं. पहिल्यांदा मला ते पोरकट वाटलं, खरंच. मग तो भाग आला जिथे त्याचे आईवडील लपतछपत रस्त्यावरून चालतात. पोलिश असल्याची बतावणी करताहेत, म्हणून त्यांनी डुकराचे मुखवटे घातलेत. मुखवट्याची दोरी आपल्याला दिसते. आईच्या, आन्याच्या, कोटाखालून मात्र उंदराची शेपटी बाहेर लोंबते आहे. तिच्याकडे बघून ती ज्यू आहे हे चटकन ओळखू यायचं, एवढंच वडील सांगतात. शेपटीबद्दल एक अक्षर नाही. मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसले होते, कुणास ठाऊक. ती शेपटी कुणीतरी आत सारावी असं वाटत होतं.

हेच कादंबरीत लिहायचं म्हटलं तर 'तिची ओळख लपत नव्हती' असं लिहावं लागेल, म्हणजे लेखकाने सांगितलं आणि आपण ऐकलं. इथे आपण स्वतः बघतो, आणि बघणारे म्हणून त्या रस्त्यावरच्या लोकांत आपणही जमा होतो. हे शब्दांपेक्षा मोठं आहे असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनात पानामागून पान उतरत जावं ते कादंबरीनेच. पण ही शेपटी दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता आली नसती, आणि तुझ्या टिपणाचा कणा तोच हवा. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं, तेही एका ओळीत नोंदव, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं घे, 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं कॉमिक. १९०१ सालचा प्रसंग तुला माहीत आहे: लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला, मसूर स्टेशनवर उतरला आणि जात कळताच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणीही मिळेना. बाबासाहेबांनी स्वतः ते इतक्या साध्या, कोरड्या शब्दांत लिहून ठेवलंय की अंगावर काटा येतो. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या चित्रकारांनी त्या शब्दांशी स्पर्धा केली नाही. त्यांनी आपली गोंड कला आणली. तहानलेल्या भीमाच्या अंगाचाच मासा झालाय. आणि बोलण्याचे फुगे बघ, मायेने बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, घालूनपाडून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मूळ मजकूर आणि हे पान शेजारी ठेवून लिही. कोण श्रेष्ठ ते ठरवायला जाऊ नकोस, एकच तहान दोघांनी कशी सांगितली ते दाखव.

आणि आपली ही कुडाळजवळची पिंगुळी? ठाकर मंडळी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवतात, एकेक चित्र पुढे करून गाऊन कथा लावतात. लहानपणी आजोबांबरोबर मी ते पाहिलंय. चित्र बदलायच्या आधी गाणारा जरा थांबायचा, आणि पुढचं काय ते आम्ही मनातच बघून घ्यायचो. तुझ्या कॉमिकमधल्या दोन चौकटींमधली मोकळी जागा तीच. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला तिथे काय म्हणतात माहीत आहे ना? पोथी.

टिपण नव्याने लिहून आधी मला पाठव, शुद्धलेखन मी बघते. 'माउस' बाबांबरोबर शनिवारी पाठवते आहे, कोकमं आणि तुझा स्वेटरही. त्या शेपटीच्या पानात मी खूण ठेवली आहे. सरांकडे जाशील तेव्हा काही बोलण्याआधी ते पान त्यांच्यापुढे ठेव.

तुझी,
आई