ल्युबेकचं चर्च 'डुप्लिकेट' आहे म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरावरचा लेख वाचला. लेख तसा मस्त आहे, जुन्या गल्ल्या, नदीकाठची मिठाची गोदामं, होल्स्टेन दरवाजा सगळं आलंय, पण तिथल्या सेंट मेरी चर्चला, म्हणजे मारियनकिर्शला, एका वाक्यात निकालात काढलंय. की बाबा हे महायुद्धात जळलं, आता उभं आहे ते नंतर बांधलेलं डुप्लिकेट, ओरिजिनल गॉथिक, म्हणजे मध्ययुगातली टोकदार कमानींची उंच बांधणी, बघायचं असेल तर इथे वेळ घालवू नका. हे काही पटलं नाही, म्हणून लिहायला बसलो, जरा लांबलं तर कापा पण मुद्दा ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे हे चर्च पूर्ण पाडून नव्याने बांधलेलं नाहीये. 28-29 मार्च 1942 च्या रात्री, झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर आगलावे बॉम्ब टाकले, त्यात छप्पर जळलं, मनोऱ्यांची टोकं गेली, आतलं लाकूडकाम, ऑर्गन, चित्रं सगळं खाक झालं, काही ठिकाणी घुमटी, म्हणजे छपराखालचं कमानदार बांधीव आढं, तीही कोसळली. पण भिंती उभ्या राहिल्या, खांब उभे राहिले, घुमटीचाही बराच भाग टिकला. म्हणजे आज आत जाऊन मान वर केली की जे दिसतं त्याचा सांगाडा तेराव्या-चौदाव्या शतकातलाच आहे. याला डुप्लिकेट म्हणायचं असेल तर मग युरोपातली अर्धी जुनी चर्चेस डुप्लिकेट निघतील कारण आग, वीज, युद्ध यातून दुरुस्ती न होता आलेलं चर्च शोधून सापडायचं नाही.

आता हे बांधलं कुणी आणि का, ते लेखात यायला हवं होतं कारण तीच खरी गंमत आहे. ल्युबेक म्हणजे हॅन्सा नावाच्या व्यापारी शहरांच्या संघाची राणी, बाल्टिकचा व्यापार यांच्या हातात. शहरात बिशपचं कॅथीड्रल आधीच होतं, 1173 मध्ये सुरू झालेलं, पण ते बिशपचं. व्यापाऱ्यांना आणि नगरपरिषदेला स्वतःचं चर्च पाहिजे होतं, बाजाराच्या चौकात, टाऊन हॉलला लागून, आणि अर्थातच बिशपच्या चर्चपेक्षा मोठं आणि उंच. आधी तिथे विटांचं साधं जुन्या पद्धतीचं चर्च होतं ते बदलत बदलत साधारण 1250 पासून पुढची शंभरेक वर्षं काम चाललं आणि मधेच प्लॅनही बदलला, म्हणजे सगळे भाग सारख्या उंचीचे करायचं चाललं होतं ते सोडून फ्रान्समधल्या कॅथीड्रलसारखा मधला भाग उंच आणि बाजूचे बुटके असं ठरलं. पैसा होता, हौस होती आणि बिशपशी भांडण होतं, तिन्ही जमून आलं की अशी चर्चेस उभी राहतात.

पण फ्रान्सची नक्कल करायला दगड पाहिजे ना! उत्तर जर्मनीच्या सपाट प्रदेशात खाणीचा दगड नाही, हिमयुगात बर्फाने वाहून आणलेले ग्रॅनाइटचे गोटे तेवढे सापडतात, ते इमारतीच्या पायात घालायला ठीक. मग काय, माती भाजायची. हे अख्खं प्रकरण विटांचं आहे, आणि तेही मधल्या भागाची घुमटी 38.5 मीटरवर, विटांच्या घुमटीत जगात सगळ्यात उंच. मनोरे जवळजवळ 125 मीटर. आता वीट ही काय चीज आहे, ती दाबाला टिकते पण ताण दिला की गेली, आणि उंच घुमटीचं वजन नुसतं खाली येत नाही तर भिंतींना बाहेर ढकलतं. गॉथिक बांधकामाची सगळी हुशारी याच ढकलण्याला वाट काढून देण्यात आहे. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा वजन जास्त सरळ खाली नेते, घुमटीखालच्या फासळ्या ते वजन गोळा करून ठरावीक खांबांवर आणतात, आणि तरी उरलेला रेटा बाहेरच्या उडत्या कमानी, म्हणजे फ्लाइंग बट्रेस, झेलून लांबच्या पायावर सोडतात, कललेल्या भिंतीला बाहेरून तिरका टेकू लावतात ना, तसंच. एकदा हे जमलं की भिंतीला वजन पेलायचं काम उरत नाही आणि तिथे खिडक्या काढता येतात. फ्रेंच लोकांनी हे दगडात केलं, ल्युबेकवाल्यांनी विटेत करून दाखवलं आणि ते बघून बाल्टिकच्या काठाने सत्तरेक चर्चेसनी हा नमुना उचलला असं मानतात.

विटेवर दगडासारखं बारीक कोरता येत नाही हा तोटा, म्हणून इथे बाहेरून संतांच्या मूर्तींची गर्दी दिसत नाही, पानंफुलं नाहीत. साच्यातून काढलेल्या वेगळ्या आकाराच्या विटा खिडक्यांच्या आणि दारांच्या कडांना लावल्यात तेवढीच काय ती नक्षी, बाकी सरळ उंच लाल भिंत. काही जणांना हे रुक्ष वाटतं, मला नाही वाटत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये डोळे कुठे ठेवायचे कळत नाही, इथे इमारत कशी उभी आहे ते एका नजरेत कळतं. (हे माझं मत, वाद घालायला हरकत नाही.) आणि एकट्या विटेवर सगळं भागलंय असंही नाही हां, 1310 च्या सुमाराला बांधलेल्या एका बाजूच्या चॅपलमध्ये ग्रॅनाइटचे अखंड खांब आहेत, इतके बारीक की वरची ताऱ्यासारखी घुमटी त्यांनी कशी धरलीये याचं नवल वाटतं.

आता मूळ मुद्दा, ओरिजिनल आणि डुप्लिकेट. यावर या चर्चइतकं बोलायचा हक्क दुसऱ्या कुठल्या इमारतीला नसेल, कारण इथे खरंच डुप्लिकेटगिरी झालीये आणि ती कोर्टापर्यंत गेलीये! 1942 च्या आगीच्या धगीने भिंतींवरचा चुन्याचा थर गळून पडला आणि खाली मध्ययुगातली चित्रं दिसायला लागली. युद्धानंतर ती नीट करायचं काम डीट्रिश फाय नावाच्या माणसाला मिळालं आणि त्याच्या हाताखाली लोथार माल्स्काट नावाचा चित्रकार. पुढच्या भागात वर जवळजवळ काही उरलंच नव्हतं, तर या पठ्ठ्याने जुनं खरवडून, नवा चुना देऊन मध्ययुगीन संतांच्या मोठ्या मोठ्या आकृत्या आपल्या मनाने रंगवल्या आणि 'सापडल्या' म्हणून जाहीर झालं. 1951 मध्ये चर्चचा 700 वा वाढदिवस, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर आले, चित्रांवर पोस्टाची तिकिटं निघाली, तज्ज्ञांनी कौतुकाचे लेख लिहिले. पुढच्याच वर्षी माल्स्काट स्वतःच म्हणाला की ही चित्रं माझी आहेत. का, तर श्रेय फायला जात होतं ते त्याला सोसवेना! तर लोक म्हणाले हा खोटं बोलतोय. शेवटी त्याने वकिलामार्फत स्वतःविरुद्धच तक्रार केली, तेव्हा कुठे चौकशी झाली. 1955 मध्ये दोघांनाही शिक्षा झाली आणि ती चित्रं नंतर काढून टाकली.

म्हणजे बघा, नवं केलं हा गुन्हा नव्हता, नवं करून जुनं म्हणून खपवलं हा होता. आणि त्याच चर्चमध्ये त्याच वर्षांत जे बाकीचं काम झालं ते नेमकं उलट आहे. छप्पर परत करताना लाकडाचा सांगाडा न करता हलकं काँक्रीट वापरलं, मनोऱ्यांची टोकंही तशीच, वरून तांबं, परत आग लागली तर जळायला नको म्हणून. कुणी लपवलं नाही, 'चौदाव्या शतकातलं छप्पर' अशी पाटी लावली नाही. आत 1463 चं 'मृत्यूचा नाच' नावाचं प्रचंड चित्र होतं, राजा, पोप, व्यापारी, पाळण्यातलं बाळ सगळ्यांना मरण हाताला धरून नाचवतंय असं, म्हणजे मूळ चित्र बेर्न्ट नोट्केचं, ते जीर्ण झालं म्हणून 1701 मध्ये त्याची कॉपी लावलेली आणि ती कॉपी 1942 ला जळाली. फोटो होते, त्यावरून तिसरी प्रत काढता आली असती. नाही काढली. त्याऐवजी त्याच विषयावर पन्नाशीच्या दशकात नवी काचेची खिडकी केली, सरळ सरळ विसाव्या शतकातली वाटते तशी.

आणि घंटा! दक्षिणेच्या मनोऱ्यातल्या घंटा त्या रात्री खाली पडल्या, फुटल्या, अर्धवट वितळल्या, जमिनीत रुतल्या. त्या आजही तिथेच तशाच आहेत. तुकडे, चेपलेली कड, फरशी खचलेली. लेखकाला 'ओरिजिनल' हवं होतं ना, याच्यापेक्षा ओरिजिनल काय असतं मला सांगा. उत्तरेच्या मनोऱ्यात ज्या घंटा आहेत त्यात पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या, म्हणजे तेव्हाच्या डान्झिगच्या, घंटा आहेत, युद्धात धातूसाठी काढून नेलेल्या आणि न वितळवता राहिलेल्या. हे सगळं एका वाक्यात उडवण्यासारखं आहे का?

अजून थोडं, कारण लेखात संगीताचा 'सं' नाही. डीट्रिश बुक्स्टेहूड 1668 पासून 1707 मध्ये मरेपर्यंत इथे ऑर्गन वाजवायचा. 1705 मध्ये वीस वर्षांचा बाख, पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार, आर्नश्टाट गावाहून चारेकशे किलोमीटर चालत त्याला ऐकायला आला, चार आठवड्यांची रजा घेऊन, आणि राहिला चारेक महिने, परत गेल्यावर मालकांनी झापला. त्याच्या दोन वर्षं आधी दुसरा मोठा संगीतकार हँडल येऊन गेला होता, पण बुक्स्टेहूडच्या जागी नोकरी पाहिजे तर त्याच्या मुलीशी लग्न करायला पाहिजे अशी अट होती म्हणे, तेव्हा गडी आल्या पावली परत. खुद्द बुक्स्टेहूडनेही आधीच्या ऑर्गनिस्टच्या मुलीशीच लग्न केलेलं, तेव्हा रीत जुनीच.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठीही आहे की. बाहेर भिंतीशी एक मोठा दगड आणि त्यावर ब्राँझचा छोटा सैतान बसलाय, गोष्ट अशी की सैतानाला वाटलं इथे दारूचा गुत्ता होतोय म्हणून त्याने बांधायला मदत केली, चर्च आहे कळल्यावर दगड घेऊन पाडायला निघाला, तेव्हा लोकांनी शेजारी गुत्ता बांधायचं कबूल करून त्याला थंड केलं, आणि टाऊन हॉलच्या तळघरात तो बांधलाही! आतमध्ये शेवटच्या भोजनाच्या दगडी शिल्पात खाली कोपऱ्यात एक उंदीर आहे, हात लावला की नशीब उघडतं म्हणतात, इतके हात लागलेत की तो काळाकुट्ट गुळगुळीत झालाय.

लेखकाने शहरावर मनापासून लिहिलंय हे दिसतं, म्हणून राग नाही. फक्त एक दुरुस्ती छापाच, लेखासोबत 'सेंट मेरी चर्च' म्हणून जो फोटो छापलाय तो सेंट मेरीचा नाहीच, तो शहराच्या दक्षिण टोकाच्या कॅथीड्रलचा आहे. दोन्हीला दोन दोन मनोरे आहेत म्हणून गल्लत होते, पण सेंट मेरीला खेटून टाऊन हॉल आणि बाजार असतो, फोटोत झाडं आणि तळ्यातलं पाणी दिसतंय. म्हणजे ज्या चर्चला डुप्लिकेट म्हटलं त्याचा फोटोसुद्धा वाचकांना मिळालेला नाही, तेवढा पुढच्या रविवारी छापता आला तर बघा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक