पाच जूनला गाव शेतात असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिनाच्या बातम्या आपल्या दैनिकात दरवर्षी ठळक येतात. रोपाभोवती उभे असलेले पाहुणे, मागे फलक, हातात झारी. गावात तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे असेल, पण मी त्या छायाचित्रांत मुले शोधते. ती नसतात, कारण आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहूनही उशिरा. शेतकरी शोधते, तर तोही नसतो. मृग दोन-तीन दिवसांवर आलेला असतो, माणूस शेताला कुळवाची पाळी घालण्यात आणि बी-खताच्या दुकानापुढे रांगेत गुंतलेला असतो. १९७२ साली स्टॉकहोमला परिषद ५ जूनला सुरू झाली म्हणून जगाने तो दिवस धरला, त्याबद्दल तक्रार नाही. पण हवामानबदल ज्यांना सगळ्यात आधी सोसावा लागतो त्यांना समजावून सांगायचा, तर आमच्या लातूर जिल्ह्यात त्यासाठी याहून अडचणीचा दिवस नसेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात अशाच एका जनजागृती कार्यक्रमाला मी होते. बाहेरगावच्या संस्थेचे तरुण वक्ते तळमळीने बोलत होते. पडद्यावर वितळणारे हिमनग, हाडे निघालेले पांढरे अस्वल, कार्बनचे आलेख. खुर्च्यांवर अंगणवाडी ताई, आशा ताई, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि पाराजवळून सहज आलेले चार-पाच वयस्कर. भाषण संपल्यावर त्यांतल्या एका आजोबांनी विचारले, "समदं खरं हाय. पर यंदा पेरावं कधी, ते सांगा की." वक्त्यांकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

उत्तर तसे कृषी विभाग दरवर्षी देतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पण आपल्या शिवारात ७५ मिलिमीटर झाला हे शेतकऱ्याने ओळखायचे कसे? मोजमाप होते महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावे मिळून एकाच, ठिकाणी. तिथे कोरडे आणि इथे बांध फुटलेले, असे आता वारंवार होते. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि पंचनाम्याची गाडी त्या आकड्यावर अडते, हेही पुष्कळांना नुकसान झाल्यावरच कळते. दुबार पेरणीची वेळ आलेल्या माणसाला हवामानबदल म्हणजे काय हे शिकवायला हिमनग लागत नाही. त्याला मिलिमीटर शिकवायला हवा.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात सातवी-आठवीची मुले घेऊन आम्ही सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला, तळाच्या खळग्यात खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि बाजूला पट्टी चिकटवली. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, दोन मुलांनी आकडा वाचायचा आणि मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. गणित मुलांनीच सोडवले: एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर चार हजार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या मुलांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. पंधरा दिवसांत फळ्याभोवती माणसे थांबू लागली. "काल किती झाला?" हे विचारायला पारावर येणारे लोक मी आयुष्यात प्रथमच पाहिले.

मग भाद्रपदात एका सकाळी बाटली काठोकाठ भरून वाहिलेली सापडली. वहीची जबाबदारी असलेली मुलगी पावसात भिजत माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, आता किती लिहायचं?" त्या दिवशी मी वर्गात जे शिकवले ते कुठल्याही भाषणात बसले नसते. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. देशाच्या मध्य पट्ट्यात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले आहे. आमच्या मुलांना ते बाटलीतून दिसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा नदीला पूर आला, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला आठवते. दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोके असू शकतात, हे मात्र कोणी बसून सांगितलेले नसते.

नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आहे. पुस्तकही चांगले आहे. पण श्रेणीचा विषय म्हणून प्रकल्पाच्या वह्या एकमेकींवरून उतरवल्या जातात, हे शिक्षक म्हणून मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे वाईट वाटते. त्याच वहीत गावाचा पाऊस लिहिला गेला तर?

हिवरेबाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवण्याची पद्धत कधीच रुजवली आहे. लोकांना पाणी मोजता येते म्हणून तिथे शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम टिकला, असे मला वाटते. सगळ्या गावांना तेवढे एका वर्षात जमणार नाही. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाळ्याचा हिशेब वाचायला पाच मिनिटे द्यायला काय हरकत आहे? पाऊस संपत आलेला असतो, रब्बीचा निर्णय तोंडावर असतो, शाळा सुरू असतात. गणेश मंडळांचे मांडव, नवरात्रातली कीर्तने, आठवडी बाजार ही आपली माणसे जमण्याची ठिकाणे आहेत. गाडगेबाबांनी स्वच्छता कीर्तनातूनच शिकवली, त्यासाठी वेगळा दिवस ठरवला नाही.

जनजागृती वेळेवर आणि गावच्या भाषेत झाली तर जीव वाचतात. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यात लोकांपर्यंत आगाऊ इशारा पोहोचवणे हेच पहिले काम होते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांना दुपारी बारानंतर काम थांबवा, हे त्याच तळमळीने कोण सांगते?

माझी आपल्याला विनंती आहे की जून ते ऑक्टोबर या काळात महसूल मंडळनिहाय पाऊस रोज एका ठरलेल्या जागी छापावा, सोबत त्या तारखेपर्यंतची सरासरी आणि पावसाचे दिवस द्यावेत. ज्या शाळा स्वतः मोजतात त्यांचे आकडेही आठवड्यातून एकदा घ्यावेत. आमच्या मुलांच्या वहीत पाच पावसाळे आहेत, खाडाखोडीसकट. ती वही आपल्या वार्ताहराला केव्हाही पाहता येईल. सकाळी साडेआठला पारावर यावे, मुले तिथेच असतात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. औसा, जि. लातूर