वर्गणीतून उभी राहिलेली मेन्झिसांची गढी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांच्यावर आलेला लेख वाचला. लाहोरचा तह, कोहिनूर आणि व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातील दिवस यांची माहिती त्यात नेटकी आली आहे. मात्र १८५५ ते १८५८ या काळात हा पदच्युत तरुण राजा स्कॉटलंडमध्ये जिथे राहिला, त्या कॅसल मेन्झिसची बोळवण ‘एक किल्ला’ एवढ्या दोन शब्दांत झाली आहे. ही वास्तू आज पाहायला मिळते याचे श्रेय प्रामुख्याने मेन्झिस या स्कॉटिश कुळाच्या संस्थेला जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पर्थशायरमध्ये टे नदीच्या खोऱ्यात, वीम नावाच्या खेड्यालगत ही इमारत आहे. मेन्झिसांचे आधीचे घर १५०२ मध्ये गार्थच्या नील स्ट्यूअर्टने जाळले आणि सध्याची वास्तू त्याच शतकात पुढे उभी राहिली. तिला किल्ला म्हणण्यापेक्षा गढी म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण राहते घर मध्ये आणि कर्णरेषेवरच्या दोन कोपऱ्यांना एकेक बुरूज अशी तिची रचना असून, त्या दोनच बुरुजांच्या जंग्यांमधून चारही भिंतींच्या बाजूने मारा करता येत असे. फेब्रुवारी १७४६ मध्ये ब्रिटिश गादीवर हक्क सांगणारा बंडखोर राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्ट, पुढे जिथे त्याचा पराभव झाला त्या कलोडनच्या वाटेवर, येथे दोन रात्री राहिला आणि चारच दिवसांनी त्याचा पाठलाग करणाऱ्या, राजपुत्र कंबरलँडच्या सरकारी सैन्याने तीच गढी ताब्यात घेतली.

मूळ शाखेतील शेवटचे बॅरोनेट (वंशपरंपरागत किताबाचे धनी) सर नील मेन्झिस १९१० मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यानंतर जहागीर विकली गेली. दुसऱ्या महायुद्धात येथे पोलिश सैन्याच्या औषधांचे कोठार होते. युद्धानंतर गढी मोडकळीस आली, आणि १९५७ मध्ये मेन्झिस क्लॅन सोसायटीने ती अक्षरशः पडक्या अवस्थेत विकत घेतली. ही संस्था १८९२ पासूनची. कुळातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका अशी पांगलेली असल्याने तिचे सभासदही जगभर विखुरलेले आहेत.

वास्तू विकत घेणे हा यातला सोपा भाग होता. मोठी दुरुस्ती सुरू व्हायला सत्तरचे दशक उजाडले आणि त्यानंतरही ती टप्प्याटप्प्याने, हाती पैसा येईल तशी चालत राहिली. अशा कामात पहिला पैसा छपरावर आणि पन्हळींवर घालावा लागतो, कारण वरून पाणी झिरपत असताना आतल्या गिलाव्याला हात लावण्यात काहीच अर्थ नसतो. वर्गणी गोळा करणाऱ्यांची खरी अडचणही इथेच असते. नक्षीदार छतासाठी किंवा नाव कोरलेल्या फरशीसाठी देणगीदार मिळतात, पण पन्हळीसाठी देणगी देण्याची हौस सहसा कोणाला नसते! त्यामुळे सभासदांकडून दरवर्षी येणारी, कोणत्याही एका कामाला न बांधलेली लहानशी वर्गणी ही एखाद्या मोठ्या देणगीपेक्षा अधिक उपयोगी ठरते, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. वारसांच्या हाती असलेल्या वास्तूची वाटणी होते, नाही तर ती विकली जाते, आणि मेन्झिसांच्या जहागिरीचे नेमके तेच झाले. संस्थेच्या सभासदाला मात्र वर्गणीच्या बदल्यात एका खोलीचाही हक्क मिळत नाही, आणि म्हणूनच वास्तू अखंड राहते. वास्तुविशारद विल्यम बर्नच्या आराखड्यानुसार १८४० च्या सुमारास जोडलेला पश्चिमेचा भाग, जो दुलीपसिंग आले तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता, तोही कालांतराने दुरुस्त झाला. त्यातील दालन लग्नसमारंभांना देऊन देखभालीसाठी उत्पन्न मिळवण्याचा मार्ग संस्थेने स्वीकारला. ‘वास्तूचे पावित्र्य’ वगैरे सबबीवर त्याला नाके मुरडणाऱ्यांनी सोळाव्या शतकातल्या दगडी भिंतींच्या चुन्याचा खर्च एकदा विचारून पाहावा.

दुलीपसिंगांमुळे भारतीय पर्यटकांनाही या ठिकाणाचे आकर्षण वाटू शकेल. तेव्हा पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर कृपया तिथे जाण्याची वाटही द्यावी: ॲबरफेल्डी गावातून स्कॉटलंडमध्ये लष्करी रस्ते बांधणाऱ्या जनरल वेडने १७३३ मध्ये बांधवून घेतलेल्या पुलावरून टे नदी ओलांडली की वीम जवळच आहे आणि त्याच रस्त्याने थोडे पश्चिमेला गेले की उजव्या हाताला गढी दिसते. गढी कोणत्या दिवशी खुली असते याची मात्र निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आपला,
एक वाचक, एडिनबर्ग