‘कोण ती?’ या तुझ्या प्रश्नाला उत्तर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू हसलास ते मला झोंबलं, हे आधी सांगून टाकतो. मी मोठ्या उत्साहाने माझ्या आवडत्या अमेरिकन नटीचं नाव घेतलं, मार्गो मार्टिनडेल, आणि तू म्हणालास, “कोण ती?” मी फोटो पाठवला, तर तुझा शेरा आला, “अरे, ही तर कुणाची तरी मावशी वाटते!” वाटणारच. बाईने जन्मभर कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी, कुठल्यातरी ऑफिसातली कारकून हेच केलंय. पण त्या वेळी मला धड उत्तर सुचलं नाही. ततपप केलं आणि विषय बदलला. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

माझा पाय मोडला होता तेव्हाची गोष्ट. सहा आठवडे प्लास्टर, पायाखाली दोन उशा आणि हातात रिमोट. ‘जस्टिफाइड’ नावाची मालिका लावली, ती केवळ तिचे भाग बरेच होते म्हणून. केंटकी राज्यातल्या हार्लन या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली गोष्ट. टोपीवाला मार्शल (म्हणजे तिथला केंद्रीय पोलीस), बंदुका, जुनी खानदानी वैरं. पहिला सीझन मी अर्धवट झोपेत पाहिला. दुसऱ्याच्या पहिल्या भागात ही आली आणि मी उशीवरून उठून बसलो. (प्लास्टरसकट. दुखलं.)

तिचं पात्र मॅग्स बेनेट. तीन थोराड मुलांची आई, गावात दुकान चालवते, आणि खरा धंदा गांजाचा. घरी गाळलेली दारू काचेच्या बरणीत ठेवते आणि तिला ‘ॲपल पाय’ म्हणते, म्हणजे तिथल्या सफरचंदाच्या गोड पदार्थाचं नाव. आता त्या भागातला तो प्रसंग. वॉल्ट नावाचा एक गरीब बाप आहे. त्याच्या वयात येणाऱ्या पोरीवर एका नराधमाचा डोळा असतो, म्हणून हा घाबरून बाहेर पोलिसांना फोन करतो. डोंगरातल्या भानगडी डोंगरातच मिटवायच्या, हा तिथला अलिखित कायदा. तो त्याने मोडला. त्याचा पाय सापळ्यात सापडून आधीच जायबंदी झालाय. मॅग्स येते. रागावत नाही, ओरडत नाही. आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखी बसते, बरणी उघडते, त्याला ओतते, स्वतःलाही ओतते. दोघं पितात. आणि मग त्याचा श्वास अडकायला लागतो.

विष दारूत नव्हतं. त्याच्या ग्लासात आधीपासूनच होतं.

तुला सांगून टाकलं म्हणून चिडू नकोस. हे माहीत असलं तरी तो प्रसंग बिघडत नाही, उलट जास्त अंगावर येतो. कारण खरी गंमत विषाची नाहीच. तो तडफडतोय आणि ही त्याचा हात हातात धरून, तुझ्या पोरीला मी सांभाळीन, म्हणून त्याची समजूत घालते आहे. आणि ती खोटं बोलत नाहीये रे! ती त्या पोरीला खरंच घरी नेते, खरंच जीव लावते. दुसरी एखादी नटी असती तर ‘बघा, मी आतून किती दुष्ट आहे’ हे दाखवायला तिने ओठाचा एक कोपरा उचलला असता, नाहीतर डोळे बारीक केले असते. ही काहीच उचलत नाही. तिच्या चेहऱ्यावर निखळ माया आहे, आणि तीच माया माणूस मारते आहे. माझाही एक पाय प्लास्टरमध्ये होता, हे लक्षात घे. त्या रात्री बायकोने दूध आणून दिलं तर मी दोनदा पेल्यात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ध्यानात आलं की मी बोलणाऱ्याकडे बघतच नाहीये, ऐकणारीकडे बघतोय. वॉल्ट बोलत असतो तेव्हा मॅग्स ऐकते, म्हणजे नुसती आपल्या वाक्याची वाट बघत थांबत नाही. आपल्याकडे हौशी नाटकात काय व्हायचं, आठवतं ना? समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आपण खांबासारखे उभे, आणि पाळी आली की तोंड सुटायचं. दिग्दर्शक ओरडायचा, “बेअरिंग सोडू नका!” बेअरिंग म्हणजे आपलं वाक्य नसतानाही पात्रातच राहणं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते या बाईने शिकवलं, तेही मी अंथरुणात पडलेला असताना.

मग सुरू झाला शोध. म्हणजे वेड, तुझ्या भाषेत. चेहरा ओळखीचा वाटत होता. कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय... आणि एकदम आठवलं, ‘डेक्स्टर’! त्या मालिकेतल्या पोलिसांच्या रेकॉर्ड रूममधली ती कामिला, जिच्याकडून नायक डेक्स्टर गोड बोलून फायली काढून घेतो. मी ती मालिका पाहिली होती आणि ही बाई मला दिसलीच नव्हती. फायलींच्या कपाटाकडे जसं आपण बघतो तसं मी तिच्याकडे बघितलं होतं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्या सीझनमध्ये कामिलाला कर्करोग झालाय, सुटका हवी आहे, आणि ती डेक्स्टरला मरण मागते. तो तिला तिच्या आवडत्या ‘की लाइम पाय’ या लिंबाच्या गोड पदार्थातून विष देतो. म्हणजे बघ, 2008 मध्ये तिला पायमधून विष मिळतं आणि 2011 मध्ये ती ‘ॲपल पाय’सोबत दुसऱ्याला पाजते! हे मला सापडलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. सांगायचं कुणाला? तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, “कोण ती?”

हीच खरी अडचण आहे. मोठ्या नटीचा भक्त होणं सोपं असतं. जयजयकार करायला गर्दी असते, भांडायला दुसऱ्या नटीचे भक्त असतात. चरित्र अभिनेत्रीच्या भक्ताला कुणी भांडायलाही मिळत नाही. आणि आमचं सगळं उरल्यासुरल्यावर चालतं. पाऊण तासाच्या भागात तिचे दोन प्रसंग, कधी एकच. नायक-नायिकेचं प्रेमप्रकरण रंगात आलेलं असतं आणि मी इकडे चुळबुळत असतो, आटपा आता, तिला आणा. ‘दि अमेरिकन्स’मध्ये ती क्लॉडिया झाली, अमेरिकेत नवरा-बायको म्हणून राहणाऱ्या दोन सोव्हिएत हेरांवर हुकूम चालवणारी. साधा कोट, साधी पर्स, आणि बोलणं असं की पुढे बसलेल्याच्या पाठीतून कळ जावी. या भूमिकेसाठी तिला 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली, पण ‘पाहुणी कलाकार’ म्हणून. सीझनच्या निम्म्याहून कमी भागांत असलात की तुम्ही पाहुणे, असा तो नियम. आणि पाहुण्यांचे पुरस्कार मुख्य समारंभाच्या आधी, वेगळ्या कार्यक्रमात उरकतात. म्हणजे भाव खाऊन जायचा आणि पंगतीला मात्र वेगळं बसायचं.

मॅग्स बेनेटसाठी मात्र मुख्य समारंभात मिळाली, 2011 साली, सहाय्यक अभिनेत्रीची. तेव्हा तिला नुकतंच साठावं वर्ष पूर्ण झालं होतं. साठ! तोवर काय करत होती? काम करत होती. 1987 मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टील मॅग्नोलियाज’ हे नाटक पहिल्यांदा आलं तेव्हा त्यातली ब्यूटी पार्लरवाली ट्रूवी हिनेच उभी केली. दोन वर्षांनी चित्रपट निघाला आणि ट्रूवीची भूमिका गेली डॉली पार्टनकडे. डॉली पार्टन मलाही आवडते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण विचार कर, एखादं पात्र आपण रोज रात्री स्टेजवर घडवायचं, त्याची चाल, त्याचं टायमिंग शोधायचं, आणि मग पडद्यावर ते दुसऱ्या कुणीतरी घालून मिरवायचं. माझा तर तीळपापड झाला असता. ती काय म्हणाली, मला ठाऊक नाही आणि शोधायलाही गेलो नाही. तिच्या घरादाराची चौकशी मी करत नाही. मला ती कॅमेऱ्यासमोर काय करते तेवढंच हवंय.

सगळंच आवडतं असं समजू नकोस. ‘द मिलर्स’ ही तिची विनोदी मालिका मी नेटाने लावली आणि चार भागांत हात टेकले. प्रेक्षकांच्या हशासाठी दर वाक्यापाशी थांबायचं, हे तिच्या अंगाला शोभत नाही. चाहता असलो तरी खोटं बोलणार नाही. उलट ‘बोजॅक हॉर्समन’ या कार्टून मालिकेत तिची थट्टा तिने स्वतःच्या आवाजात केली आहे. तिथे ती ‘चरित्र अभिनेत्री मार्गो मार्टिनडेल’ याच संपूर्ण नावाने वावरते आणि दरोडे घालते. मी हसून हसून आडवा. तिचं आडनाव कुणाच्या लक्षात राहत नाही म्हणून हुद्दाच नावापुढे लावून टाकलाय!

एक चित्रपटही सांगतो, टीव्हीचा नसला तरी. ‘पॅरिस, ज तेम’ या 2006 च्या चित्रपटात अनेक छोट्या गोष्टी आहेत. अगदी शेवटची हिची, अलेक्झांडर पेनने केलेली. ती डेन्व्हरची पोस्टवुमन आहे, एकटीच पॅरिसला फिरायला आलीये, आणि आपल्या सहलीची हकीकत शिकाऊ, अडखळत्या फ्रेंचमध्ये सांगते. बागेत बाकावर बसून सँडविच खाते. बस, एवढंच. आणि त्या बाकावर तिला एकाच वेळी आनंदही होतो आणि दुःखही. कसलं ते तिलाही नीट सांगता येत नाही. सुरुवातीला तिच्या उच्चारांना हसत होतो, शेवटी माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. लोकांची पत्रं घरोघर पोचवणारी बाई, आणि तिच्याबद्दल मी तुला पत्र लिहितोय. जमलंय ना?

2024 च्या डिसेंबरात ‘द स्टिकी’ आली. कॅनडात मेपल सिरपची मोठी चोरी झाली होती, तिच्यावरून बेतलेली, आणि मुख्य भूमिकेत ही. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी! पहिल्याच प्रसंगापासून कॅमेरा तिच्यावर, वाट बघायची भानगड नाही. खरं सांगू? मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी तिला कोपऱ्यांतून हुडकत आलो आणि आता ती मधोमध उभी. सवयीने माझी नजर कोपऱ्याकडेच जात होती, तिथे दुसरं कुणी बसलंय का बघायला. सहा भाग झाले आणि मालिकाच बंद पडली. तेव्हा मात्र दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. बायकोने विचारलं, ऑफिसात काही झालं का? मी हो म्हणालो.

तेव्हा मित्रा, कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर एका बॅट्समनच्या धावा मांडणारा तू, आणि त्याला शून्यावर बाद दिल्यावर जेवण सोडणारा तू, मला हसू नकोस. माझ्यासाठी एक तास काढ. ‘जस्टिफाइड’, दुसरा सीझन, पहिला भाग. ती बरणी उघडेल तेव्हा ग्लासकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. त्यानंतरही मावशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. त्या सीझनच्या शेवटच्या भागाबद्दल मी मुद्दामच एक अक्षर लिहिलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच

ता. क. भाग संपला रे संपला की नावं बारीक करून पुढचा भाग आपोआप सुरू करतात. रिमोट हातात ठेव. तिचं नाव येऊन जाऊ दे.