जेनेरिक म्हणजे ‘सामान्य दर्जाचे’ नव्हे : ऑनलाइन औषधविक्री कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषधविक्री विभाग

विषय : ‘जेनेरिक’ या शब्दाचा चुकीचा अर्थ सांगून, न विचारता औषध बदलून पाठवल्याबद्दल

महोदय/महोदया,

माझ्या पतींना उच्च रक्तदाब आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘टेल्मिसार्टन 40’ असे औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव लिहून दिले आहे. गेल्या महिन्यात मी आपल्या ॲपवर हेच नाव टाकून जेनेरिक गोळ्या मागवल्या. तेव्हा पिवळ्या चौकटीत मराठीतून सूचना आली : जेनेरिक म्हणजे सामान्य दर्जाचे औषध, डॉक्टरांनी सांगितलेले मूळ औषध हवे असल्यास ब्रँडेड निवडा. ती सूचना बंद करून मी जेनेरिकचीच ऑर्डर पक्की केली. पार्सल आले ते मात्र एका ब्रँडच्या गोळ्यांचे. बिलावर फक्त ब्रँडचे नाव, त्यापुढे ‘अपग्रेड’ असा शेरा, आणि फरकाची रक्कम माझ्या ॲपमधल्या खात्यातून परस्पर वळती केलेली.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर मी एवढे लांबलचक पत्र लिहिले नसते. पार्सल आले तेव्हा मी गावाला होते. अनोळखी नावाचे पाकीट पाहून पतींना वाटले, डॉक्टरांनी नवीन गोळी वाढवली असेल. घरातल्या जुन्या स्ट्रिपमधली गोळी ते सकाळी घेत होतेच, ही रात्री सुरू केली. म्हणजे एकाच औषधाचा दुप्पट डोस. त्यांना उठता-बसता चक्कर येऊ लागली. डॉक्टरांकडे गेल्यावर बीपी बरेच खाली गेलेले आढळले आणि दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला. आपल्या बिलावर टेल्मिसार्टन हा एक शब्द असता तर हे टळले असते.

फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “मॅडम, जेनेरिक म्हणजे लो क्वालिटी, आम्ही तुमच्या भल्यासाठीच बदलून दिले.” त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलला. जे शिकवले तेच चुकीचे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. लॅटिनमध्ये ‘जीनस’ म्हणजे कुळ, वंश, प्रकार. आपल्या संस्कृत ‘जन्’ धातूचे आणि त्याचे मूळ एकच. इंग्रजीत ‘जेनेरिक’ हे विशेषण सतराव्या शतकात आले ते तर्कशास्त्र आणि निसर्गविज्ञानाच्या वाटेने. एखादा गुण एका वस्तूचा नसून त्या सबंध वर्गाचा असेल तर तो जेनेरिक. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींना दोन पदी नावे दिली, तेव्हा पहिले पद ‘जीनस’चे, म्हणजे प्रजातीचे, म्हणून जेनेरिक ठरले. आंबा म्हणजे मॅन्जिफेरा इंडिका; त्यातले मॅन्जिफेरा हे जेनेरिक नाव. यात उच्च-नीच असे काहीच नाही. उलट याच ‘जीनस’पासून निघालेल्या ‘जेनरस’ या शब्दाचा पहिला अर्थ थोर कुळात जन्मलेला असा होता. उदार हा अर्थ नंतरचा.

औषधांच्या बाबतीत हा शब्द ब्रँडच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. ब्रँडचे नाव एका कंपनीच्या मालकीचे, तर जेनेरिक नाव त्या द्रव्याचे, सगळ्यांना वापरायला मोकळे. बायर या जर्मन औषध कंपनीने 1899 मध्ये ‘अ‍ॅस्पिरिन’ हे आपले व्यापारी नाव म्हणून नोंदवले. 1921 मध्ये अमेरिकन न्यायालयाने निकाल दिला, की सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने हे आता औषधाचेच नाव झाले आहे. आपल्याकडे झेरॉक्स आणि डालडा लोकांच्या तोंडी असेच रुळले. जगभर एका औषधाला एकच नाव असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये ठराव केला आणि 1953 मध्ये नावांची पहिली यादी काढली. ही नावे ठरवण्यामागे फार विचार आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन यांच्या शेवटी ‘सार्टन’ येते, कारण ती एकाच कुळातली औषधे. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचे कुळ दुसरे. लिनियसच्या नावांत कुळ आधी येते, इथे बहुतेक वेळा शेवटी. नुसत्या नावावरून डॉक्टरला, केमिस्टला आणि थोडे समजावून सांगितले तर घरच्यांनाही कळते, की या दोन गोळ्या एकाच घरातल्या आहेत. ब्रँडच्या नावावरून काहीही कळत नाही. सर्दीची गोळी आणि तापाची गोळी वेगवेगळ्या नावांनी घेणाऱ्या कितीतरी माणसांना दोन्हींत पॅरासिटामॉल आहे याचा पत्ता नसतो. त्याचा अतिरेक यकृताला घातक ठरतो.

‘स्वस्त, साधे’ ही छटा कुठून आली हेही मला ठाऊक आहे. 1976 मध्ये फ्रान्सच्या कार्फूर या दुकान-साखळीने आणि पुढच्या वर्षी शिकागोच्या ज्युएल या दुकान-साखळीने नावाशिवायच्या, साध्या वेष्टनातल्या किराणा वस्तू विकायला काढल्या. अमेरिकेत त्यांना जेनेरिक म्हणू लागले. त्यांची किंमत कमी होती आणि काही वेळा प्रतही. पण किराणा मालाचा तो अर्थ औषधाला चिकटवणे हा अन्याय आहे. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने जेनेरिक औषधाला परवानगी मिळण्यासाठी, ते रक्तात मूळ औषधाइतकेच आणि तितक्याच वेगाने पोहोचते हे दाखवणे पुरेसे ठरवले. भारतातही 2017 पासून पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी अशी चाचणी सक्तीची झाली.

भारतात सगळ्याच गोळ्या सारख्या चांगल्या असतात असा माझा दावा नाही. निकृष्ट औषधे सापडल्याच्या बातम्या मीही वाचते. पण अशा औषधांत ब्रँडची औषधेही असतात. दर्जा ठरतो तो कारखाना, बॅच आणि तपासणी यांवर. शिवाय आपण मला ‘मूळ’ म्हणून जे पाठवले ते तरी मूळ कुठे आहे? टेल्मिसार्टन हे बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीचे संशोधन. आपण पाठवलेल्या गोळ्या एका भारतीय कंपनीच्या, म्हणजे त्याही जेनेरिकच, फक्त ब्रँडचे नाव लावलेल्या. आपल्या ॲपने एका जेनेरिकच्या जागी दुसरे जेनेरिक दिले आणि मधल्या फरकाला ‘अपग्रेड’ म्हटले.

हा शब्द हलका करताना आपण ज्या देशात व्यवसाय करता त्याचा इतिहास तरी आठवावा. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावरचे पेटंट रद्द करून फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवरचे ठेवले, तेव्हा भारतीय औषध उद्योग उभा राहिला. 2005 मध्ये द्रव्यावरचे पेटंट परत आले. मधल्या काळात, 2001 मध्ये, मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा उपचार माणशी वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा तोच उपचार तेव्हा 10,000 डॉलरच्या पुढे होता. आफ्रिकेत ज्यांना औषध मिळणारच नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचले ते जेनेरिकच. त्या औषधांना कोणी ‘सामान्य दर्जाचे’ म्हटले की मला फार वाईट वाटते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण याच उद्योगात काम करतात.

2018 मध्ये औषध नियमांत दुरुस्ती होऊन, काही संयुक्त (एकाच गोळीत अनेक द्रव्ये असलेली) औषधे वगळता, वेष्टनावर औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन फॉन्ट मोठे छापणे बंधनकारक झाले. स्ट्रिपवर जे ठळक असायला हवे तेच आपल्या बिलावरून गायब होते, हे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी : फरकाची रक्कम परत करावी. ती पिवळ्या चौकटीतली सूचना मराठीसह सर्व भाषांतून तातडीने काढावी. तिथे काही लिहायचेच असेल तर ‘जेनेरिक : तेच औषधी द्रव्य, मूळ नावाने’ एवढे लिहावे. प्रत्येक बिलावर, पार्सलवर आणि ऑर्डरच्या पानावर मूळ नाव आधी आणि ब्रँडचे नाव नंतर छापावे. ग्राहकाची लेखी संमती आल्याशिवाय औषध बदलू नये, आणि फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना या शब्दाचा योग्य अर्थ शिकवावा.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. चिठ्ठी, बिल, दोन्ही स्ट्रिपची छायाचित्रे आणि त्या सूचनेचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलाप्रमाणे)