आधी लघवी, मग डाय

मा. संपादक,

आमचे थोरले दाजी निपाणीचे, चाळीस वर्षं विडी ओढलेले. लघवीतून रक्त गेलं म्हणून बेळगावला आणलं. डाय (आतले अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध) देऊन सीटी स्कॅन झाला आणि तासाभरात नर्सबाईंनी पेशी तपासायला लघवीची बाटली हातात दिली. रिपोर्ट आला : पेशी खराब, नमुना पुन्हा पाठवा. परत निपाणी-बेळगाव हेलपाटा!

मी लॅबमध्ये बावीस वर्षं स्लाइडी रंगवल्या, त्यामुळे घोटाळा लगेच उमगला. शिरेतून दिलेला आयोडीनचा डाय मूत्रपिंडातून लघवीतच उतरतो. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २९० च्या आसपास, जुन्या आयनिक डायची १५०० च्या वर. मीठ चोळलेल्या काकडीसारखं पेशीतलं पाणी सुटतं, ती आकसते, केंद्रक काळवंडतं. आणि कर्करोगाची पेशी आम्ही ओळखतो ती त्या केंद्रकावरूनच. नवे डाय सौम्य आहेत, पण जोखीम कशाला?

तयारीच्या चिठ्ठीत 'नमुना स्कॅनआधी' असं होतं म्हणे. चिठ्ठी कन्नडमध्ये, दाजींना कन्नड बोलता येतं, वाचता नाही. रुग्णालयांनो, तेवढी एक ओळ मराठीत छापा. पहाटेची पहिली लघवीही नको, हेही लिहा. रात्रभर साठून पेशी बिघडतात.

दाजींचा दुसरा नमुना काल दिला.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, खानापूर